उताराचा प्रकार

बाप्तिस्त मास्तर तीन वर्षं सेमिनरीत होते,
मग पाद्री व्हायचं राहून गेलं
आणि ठाण्याला चरईत येऊन चित्रकला शिकवू लागले.
लॅटिन तेवढं अंगावर राहिलं,
दुसऱ्याच्या लग्नात उडालेल्या हळदीसारखं.

मी महापालिकेत लागले तेव्हा म्हणाले,
“डोंगरउतारांची पाहणी? मग तुला एक शब्द देतो.
डेक्लिविस.
खाली जाणारा. उतरता.
विशेषण आहे, एकटं सोडू नकोस,
त्याला टेकायला नाम लागतं.”

खडूने फरशीवर तिरकी रेघ ओढली.
“पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, रूप एकच;
नपुंसकलिंगात फक्त शेपूट बदलतं.
वाटेला हेच, वाहत्या पाण्याला हेच,
कललेल्या वयालाही.”
मी म्हटलं, “आमच्यात उतारवय म्हणतात.”
“आमच्यात म्हणजे? मी काय रोमचा?”
हसले, आणि खोकला लागला.

याचा एक भाऊ आहे म्हणे, प्रोक्लिविस,
पुढे झुकलेला:
मनाचा कल, रागाकडे चटकन घसरणारा माणूस,
आणि सोपं काम.
उतरणीला लागलं की सोपं, असं रोमन समजत.
ते पारसिकला आले नव्हते.

त्या मे महिन्यात पारसिकच्या अंगावरची
दोनशे अकरा घरं माझ्या वाट्याला आली.
फॉर्मात रकाना सातवा: उताराचा प्रकार.
सौम्य, मध्यम, तीव्र. एकावर खूण करा.
बायपासवर जीप थांबायची, आम्ही वरून खाली.
कोनमापक धरायचा, आकडा लिहायचा,
नोटीस डकवायची. पुढचं दार.

एका घरात शेगडीच्या पायाखाली
कडाप्प्याचा तुकडा सारलेला,
चहा पातेल्यात सपाट राहावा म्हणून.
एका घरात कपाट
दर वर्षी बोटभर दाराकडे येतं.
पोरांनी चेंडूला सुतळी बांधलेली,
नाहीतर तो थेट रुळांपर्यंत.

“सातबाराचा उतारा?” मी विचारलं,
फॉर्मात होतं म्हणून.
गयाबाई घोक्षे म्हणाली,
“उतारावर राहतो, बाई. उतारा कुठला असायला?”
तिचं तिलाच ते इतकं आवडलं
की शेजारणीला हाक मारून पुन्हा ऐकवलं.

मी लिहिलं, चौतीस अंश. तीव्र.
तिने डोक्यावरचा हंडा उंबऱ्याशी टेकवला,
पाणी हललं, मग सपाट झालं.
“तुम्ही वरनं येता, गाडीतनं उतरून,
म्हणून तुमच्या कागदात उतार.
मी दिवसाला चार खेपा खालनं येते.
मला तर चढच दिसतो.”

संध्याकाळी मास्तरांना हे सांगितलं.
“आक्लिविस,” ते म्हणाले. “दगड तोच, माती तीच,
फक्त पायथ्याशी उभं राहून उच्चारायचा.
तो शब्द तुला द्यायचाच राहिला.”
अंगात ताप होता.
सून म्हणाली, दुपारपासून उतार आहे.
मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं,
“कुठल्या अर्थी?”

नोटिसा सगळ्या लागल्या.
माणसं जाणार कुठे, यावर उतारा काय,
याला आठवा रकाना नव्हता.

शेवटच्या फेरीला मी जीप सोडून दिली,
रुळांकडून निघाले.
साठाव्या पायरीपर्यंत मोजत होते,
मग श्वासाने आकडे खाल्ले.
कोनमापक पर्समध्ये, घाम डोळ्यांत,
आणि वरून सुतळीसकट
उड्या मारत येणारा चेंडू,
त्याच्या मागे, दिसत नसलेल्या पोराचा आवाज:
“ओ मॅडम, अडवा ना!”